दाजींच्या फ्लॅशची वायर

आमच्या घरात चुकायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि तो माणूस म्हणजे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा. टेंभुर्णीत आमचं घर नावाजलेलं होतं, शेती बऱ्यापैकी होती आणि माणसं बोलायला फटकळ होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, भर बाजारात आडत्याला तोंडावर खोटारडा म्हणायचे. आई गड्यांना, शेजारणींना, आम्हा पोरांना आणि वेळ पडली तर देवालासुद्धा चार शब्द सुनावायची. पण फाट्यावर एस.टी. थांबली आणि तिच्यातून दाजी उतरले की या सगळ्या जिभा आत जायच्या. जावयाच्या पायावर पाणी घालायचं, त्याला पाटावर बसवायचं, त्याच्या ताटात आधी वाढायचं आणि तो जे बोलेल त्याला "बराबर हाय" म्हणायचं. दाजी औरंगाबादला एका सरकारी कचेरीत कारकून होते. तिथे त्यांचं बहुतेक कोणी ऐकत नसावं, कारण साठलेलं सगळं बोलणं ते आमच्याकडे येऊन मोकळं करायचे. एकदा त्यांनी आण्णांना विहिरीची जागा दाखवली. आण्णांनी निमूट खोदली. पाणी लागलं नाही. तेव्हा घरात असं ठरलं की त्या साली जमिनीतलं पाणीच खाली गेलं असणार. शेजारच्या शेतात, हाकेच्या अंतरावर, इंजिनाचं पाणी पाटातून खळखळ वाहत होतं, ते आम्ही सगळे रोज पाहत होतो आणि कोणीही त्याबद्दल बोलत नव्हतं.

हे सगळं आज आठवायचं कारण माझी नात तन्वी. नात म्हणजे अक्काच्या मुलाची मुलगी, दाजींची सख्खी आणि माझी बहिणीच्या नात्यानं. पण फोन मलाच करते. पुण्यात राहते, चांगली कमावते, आणि मागच्या वर्षी तिनं जुना रोलचा कॅमेरा विकत घेतला. खिशात इतका भारी फोन असताना माणसं आता हौसेनं रोल घालतात, धुवायला देतात आणि पंधरा दिवस वाट पाहतात. आम्ही वाट पाहिली ती दुसरा इलाज नव्हता म्हणून. असो. तिला त्या कॅमेऱ्यासाठी फ्लॅश घ्यायचा होता आणि इंटरनेटवरच्या मंडळींनी तिला इतके सल्ले दिले होते की पोरगी रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, त्या सल्ले देणाऱ्यांमध्ये कॅमेऱ्यावरचं आकड्यांचं कडं बघायला कोणी सांगितलं का? नाही. सगळ्यांनी फक्त स्वतःकडे काय आहे तेवढं सांगितलं होतं. म्हणजे जगात दाजी पुष्कळ आहेत. पूर्वी ते एस.टी.तून उतरायचे, आता फोनमधून उतरतात.

माझा कॅमेरा मामानं दिला होता. मामा मिलिट्रीत होता, त्याला मूलबाळ नव्हतं, आणि मी मॅट्रिक पास झाले म्हणून त्यानं आपला जपानी कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. मुलीच्या गळ्यात कॅमेरा पाहून आईला वाटलं, आता हिचं लग्न जमणं अवघड. तिचा अंदाज पुढे खरा निघाला, पण त्यात कॅमेऱ्याचा दोष नव्हता, आलेल्या स्थळांचा होता. त्या कॅमेऱ्याच्या खिडकीत मधोमध एक पिवळसर चौकोन होता आणि त्यात माणसाला दोन नाकं दिसायची. भिंगाचं कडं फिरवत गेलं की दुसरं नाक हळूहळू सरकत पहिल्यात मिसळायचं. मिसळलं की अंतर बरोबर साधलं. घरातल्या सगळ्यांची नाकं मी अशी जुळवून पाहिली होती. दाजींचं जुळायला वेळ लागायचा, कारण ते बोलायचे थांबत नसत.

आमचं घर धाब्याचं. भिंती हातभर जाड, उन्हाळ्यात गार, पण आत खिडक्या नावाला. माजघरात दिवसासुद्धा कंदील लागायचा. तिथं कॅमेरा काही कामाचा नव्हता. मामा सुट्टीवर आला तेव्हा त्याला विचारलं, तर त्यानं मला कॅमेऱ्यावरचं दुसरं एक बारीक कडं दाखवलं. त्यावर आकडे होते. प्रत्येक फ्लॅशच्या उजेडाचा एक आकडा असतो, तो या कड्यावर लावायचा. मग आपण माणसाचं अंतर साधलं की भिंगाचं तोंड आपोआप लहानमोठं होतं. माणूस जवळ असला तर तोंड बारीक, लांब असला तर मोठं. सगळा हिशेब कॅमेराच करतो.

"म्हनून याला येडा फ्लॅश घे, इमल," मामा म्हणाला. "दर खेपंला येवढाच उजेड फेकनारा. आजकाल डोळ्याचे फ्लॅश निघालेत, सोताच इचार करनारे. तसला घेशील तं दोघांचं बिलकुल पटनार न्हाई."

मला हे लगेच पटलं. एका घरात दोन शहाणे असले की काय होतं ते मी रोज पाहत होते.

आता आत्याबद्दल. चंद्रा आत्या ही आण्णांची धाकटी बहीण. तिला धावड्याला दिलं होतं. तिचा नवरा लवकर गेला आणि ती माहेरी परत आली ती आमच्या चुलीपुढे बसली. माझा भाऊ दत्तू जन्मला तेव्हा आई वर्षभर आजारी होती. त्याला वाढवलं आत्यानं, वाटीनं दूध पाजलं, मांडीवर निजवलं. भाऊ मोठा झाला तरी पहिली हाक तिलाच मारायचा. ती ज्वारीच्या भाकरी थापायची तेव्हा थापण्याचा आवाज ओसरीपर्यंत यायचा आणि आण्णा त्या आवाजावर हात धुवायला उठायचे. तिच्या हातचा शेंगदाण्याचा ठेचा दाजी तीन-तीनदा मागून घ्यायचे आणि वर म्हणायचे, "तिखट जरा जास्तच झालं." आत्याचा एकही फोटो नव्हता. लग्नात कोणी काढला नव्हता, नंतर कोणी काढायचं कारण नव्हतं. माझ्याकडे कॅमेरा आल्यावर ती एकदा पिठाचे हात पुसत म्हणाली, "माझा येक फोटू काढ इमल. तोंड दिसंल आसा. म्या मेल्यावर मी कशी व्हते ते कुनाला ठावं न्हाई ऱ्हायचं." मी तिला अंगणात उजेडात बोलावलं, पण अंगणात येऊन ऐटीत उभं राहायची तिला लाज वाटायची. "हितंच काढ," म्हणायची. हितं म्हणजे चुलीजवळ, अंधारात.

मग दत्तूभाऊचं लग्न ठरलं, धावड्याचीच मुलगी, आणि लग्न आमच्या दारात करायचं ठरलं. घरात लग्नाच्या आमटीसाठी येसर भाजायला सुरुवात झाली. बाजरी, हरभरा, धणे, खोबरं, मिरच्या. सगळं मोठ्या कढईत खरपूस भाजताना आळीभर ठसका उठायचा आणि जात्यावर बायकांची गाणी दिवसभर चालायची. आत्या सगळ्यांत जास्त राबत होती. पण हळदीला आणि अक्षतांना ती पुढे नसणार हे न बोलता ठरलेलं होतं. विधवा बाईनं अशा वेळी आत बसायचं. एका संध्याकाळी जात्यात दाणे घालता घालता ती सहज म्हणाली, "दत्तूला हळद लागताना दाराच्या फटीतून दिसंल का गं? का समदे आडवे येतीन?" मला त्या क्षणी घरातल्या झाडून सगळ्यांचा राग आला. अजूनही येतो.

लग्नाचे फोटो मीच काढावेत असं आण्णांनी ठरवलं, कौतुकानं नव्हे. जालन्याचा फोटोग्राफर मुक्कामाला येऊन पंगतीला बसतो, म्हणून. मी मोठ्या आशेनं म्हटलं, मग एक साधा फ्लॅश घेऊन द्या. पण ही बातमी अक्कामार्फत औरंगाबादला पोचली आणि पंधरवड्यातच दाजी आले. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं.

"मुंबईहून मागवला," दाजी म्हणाले. "भाईरचा माल हाय. जालन्यात आसला कुनी पाह्यला बी न्हाई."

खोक्यातून निघाला तो विटेएवढा फ्लॅश. त्याच्या छातीवर काचेचा एक बारीक डोळा होता. माझ्या कॅमेऱ्यावर चढवल्यावर लहान पोरीच्या डोक्यावर मोठी घागर ठेवल्यासारखं झालं. कॅमेरा टेबलावर ठेवला की तोंडावर पडायचा. आईनं त्या फ्लॅशला हळदकुंकू वाहिलं आणि दोन दिवस देवघरात ठेवला. मी दाजींना मामाचं बोलणं सांगितलं. कॅमेरा जवळच्या माणसासाठी भिंगाचं तोंड बारीक करतो, आणि हा डोळ्याचा फ्लॅश जवळचा माणूस पाहून उजेड कमी करतो. म्हणजे दोघंही हात आखडता घेणार. दोन जावांनी एकमेकींच्या भरवशावर पाहुण्याला वाढलं नाही तर पाहुणा उपाशीच राहतो. दाजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"इमल, तू अजून कॉलेजात हायस. येवढा डोकं चालवनारा फ्लॅश, आन् त्याला तू डोकं शिकवून राह्यलीस?"

डोळा बंद करायचा एक खटका त्याला होता. पण डोळा बंद केला की त्याचा उजेड इतका दांडगा की त्याचा आकडा माझ्या कड्यावर नव्हताच. तरी मी खटक्याला हात लावला, तर दाजींनी त्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावून टाकली. "उगं चाळा नगं," म्हणाले.

मी वाद घातला नाही. एक अख्खा रोल त्या फ्लॅशवर काढला. घरातल्या एकेकाला माजघरात जवळ बसवून काढलं, आणि मग गोठ्याच्या पार टोकाला गडी आणि बैल उभे करून तेही काढले. रोल जालन्याला धुवायला पाठवला. फोटो आले तेव्हा ओसरीवर सगळे जमले होते. बैलाचा फोटो सुरेख आला होता, शिंगांवरचा रंगसुद्धा दिसत होता. आणि जवळून काढलेली आमची सगळी माणसं काळी. आई काळी, आण्णा काळे, नवरदेव काळा. आत्याच्या फोटोत तर बांगडी नसलेला एक हात आणि दातांची ओळ तेवढी दिसत होती. मला वाटलं, आता तरी कोणी बोलेल. दाजी पाटावर बसून सुपारी कातरत होते.

आण्णा म्हणाले, "रोल जुना दिला दुकानदारानं."

भाऊ म्हणाला, "इमलचा हात हालला आसंल."

अक्का म्हणाली, "कॅमेराच मिल्ट्रीतला. त्याला कशाला माणसाचे तोंडं दिसतीन?"

आणि आईनं तर हद्द केली. फोटो हातात घेऊन, नीट निरखून ती म्हणाली, "आपलेच तोंडं काळे पडलेत उन्हातान्हात. त्याला जावईबापूचा फ्लॅश काय करनार?"

दाजींनी मान डोलावली. हे कारण त्यांनाही पसंत पडलं. एका जावयाचा मान राखायला आमचं अख्खं गोरंगोमटं घर एका दुपारी काळं व्हायला तयार झालं. आत्या तेवढी दाराआडून फोटो पाहत म्हणाली, "बैलाचा लई चांगला आला." तिनं आपला फोटो परत दिला नाही, घडी घालून कनवटीला लावला. दुसरा फ्लॅश आणायचाच, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बांगड्या आणायच्या निमित्तानं मी आत्याला घेऊन जालन्याला गेले. नव्या जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला, घड्याळं, रेडिओ आणि कॅमेरे विकणारं एका मारवाडी शेठजींचं दुकान होतं. शेठजी गादीवर बसलेले, पुढे काचेची कपाटं. मी म्हटलं, फ्लॅश पाहिजे. शेठजी माझ्या मागे बघायला लागले.

"भाऊ कुठंय? का वडील आल्ते?"

"मी आणि आत्या. फ्लॅश दाखवा."

शेठजींनी सगळ्यांत मोठा काढला. मग त्याहून मोठा. दोघांनाही डोळे. बियाण्याच्या पिशवीसारखं ते प्रत्येक फ्लॅश हातावर तोलून दाखवत होते, जणू उजेड वजनावर मिळतो. मी कॅमेरा काढून कड्यावरचे आकडे दाखवले. या दोन टोकांच्या मधला आकडा पाहिजे, डोळा नको, आणि वायर जोडायची सोय पाहिजे. शेठजींना आश्चर्य वाटलं, पण ते मी बाई म्हणून वाटलं की असलं गिऱ्हाईक म्हणून, कळलं नाही. शेवटी त्यांनी कपाटाच्या तळातून धुळीनं माखलेला काड्यापेटीच्या पुड्याएवढा एक फ्लॅश काढला.

"ह्यो तो बच्चों का खिलौना हाय बाई. लगीनघरात न्हाई शोभत. नंतर वापस घेनार न्हाई."

मी मागे उलटून पाहिलं. आकडा एकच लिहिला होता आणि तो माझ्या कड्याच्या बरोबर मध्ये बसत होता. आत्या इतका वेळ पायरीवर बसली होती. ती उठून आली, तो फ्लॅश हातात घेतला, उलटासुलटा केला.

"ह्याला डोळा न्हाई ना?"

"नाही."

"मंग ह्योच घे. डोळे वटारनारे घरी लई हायेत."

माझ्या शिष्यवृत्तीतून तो घेतला. परतीच्या गाडीत तो आत्याच्या मांडीवर होता आणि ती हळूहळू पदरानं त्याची धूळ पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "पन वापरशीन कसा? जावईबापूचा फ्लॅश सोडून दुसरा लावला तं आण्णा घरात घेनार न्हाईत तुला." खरंच होतं. जावयानं आणलेली वस्तू लग्नात न वापरणं म्हणजे त्याला मांडवातून उठवणं. अक्काला त्याचे टोमणे जन्मभर ऐकावे लागले असते. मी खिडकीतून बाहेरची मोसंबीची बाग पाहत होते. टेंभुर्णी येईपर्यंत मला युक्ती सुचली होती. ती आत्याला सांगितली तेव्हा तिनं आधी तोंडावर पदर धरला आणि मग गाडीत सगळ्यांसमोर इतकी हसली की कंडक्टरनं वळून पाहिलं.

हळदीच्या दिवशी सकाळी मी दाजींच्या फ्लॅशचं झाकण उघडलं, आतले सेल काढून घेतले आणि रिकामा फ्लॅश कॅमेऱ्यावर थाटात चढवला. कॅमेऱ्याच्या बाजूच्या भोकात वायर खोचली. वायरीचं दुसरं टोक आत्याच्या पदराखाली, तिथं तिच्या हातात छोटा फ्लॅश, फक्त त्याची काच बाहेर. मामानं सांगितलेला हिशेब अंतराचा होता. म्हणून आत्यानं माझ्या खांद्याला खांदा लावून उभं राहायला हवं होतं. मी पुढे सरकले की तीही पुढे, मी मागे झाले की ती मागे. ओसरीत पाटावर भाऊ बसला होता, सवाष्णी जमल्या होत्या, वाजंत्री दारात कान किटवत होती. मी थेट पुढे गेले, आणि माझ्याबरोबर आत्या.

गाणी एकदम थांबली. आईच पुढे आली. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वन्सं, तुमी आत बसा. इथं तुमचं काय काम?"

आत्या मागे फिरलीच होती. मी वायर घट्ट धरली.

"आई, दाजींच्या फ्लॅशची वायर धरायला माणूस लागतं," मी खणखणीत आवाजात म्हटलं. "आत्याला शिकवलंय. दुसऱ्या कोणी धरली तर दाजींचा फ्लॅश बंद पडायचा. इचार त्यानला."

दाजी जवळच मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, धावड्याच्या पाहुण्यांना मुंबईच्या मालाची महती सांगत. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.  दाजींना त्या वायरीबद्दल काडीचंही माहीत नव्हतं. पण पाहुण्यांसमोर "मला माहीत नाही" म्हणणं हे दाजींच्या रक्तात नव्हतं, आणि माझी सगळी भिस्त त्यावरच होती.

"हां, बराबर," दाजी म्हणाले. "इंपोर्टेड मालाला वायर धराया माणूस लागतोच. बाजूलाच पाह्यजे, दूर न्हाई चालत. ऱ्हाऊ द्या त्यानला."

आईनं तोंड मिटलं. जावयानं सांगितल्यावर कोण काय बोलणार? ज्या मानानं आमची तोंडं काळी केली होती, त्याच मानानं आत्याला पहिल्या रांगेत उभं केलं.

मग मी काढत सुटले. हळद, देवक, नवरीचं मांडवात येणं, संध्याकाळी गोरज मुहूर्तावर अंतरपाट. मी जिथं जाईन तिथं आत्या. दरवेळी तिच्या पदराखालून लख्ख उजेड पडायचा आणि ती दचकायची, मग दचकायची थांबली. दाजी मधून मधून येऊन पाहणी करून जायचे. एकदा म्हणाले, "याच्यावरला लाल दिवा का लागंना?" मी म्हटलं, "वायर लावली की तिकडं लागतो." ते तडक पाहुण्यांकडे गेले आणि म्हणाले, "वायर लावली की दिवा तिकडं लागतो." अक्षता पडल्या तेव्हा आत्यानं डाव्या हातात फ्लॅश धरून उजव्या हातानं दत्तूच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, अगदी समोरून. भाऊनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरले. ते मी टिपलं. नाकं नीट जुळवून टिपलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले, मांडवात बुंदीवर मुंग्या लागल्या होत्या, आणि घर झोपलेलं होतं. रोलमध्ये एक फोटो उरला होता. छोटा फ्लॅश मी माझ्या हातात घेतला आणि चुलीपुढे बसलेल्या आत्याला म्हटलं, "बघ इकडे." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, मग का कोण जाणे, थोडा मागे घेतला.

ते फोटो पाहायला आळी लोटली. एकेक चेहरा स्वच्छ, डोळ्यांतलं काजळसुद्धा दिसत होतं. आई म्हणाली, "मी म्हनलंच व्हतं, जावईबापूचा फ्लॅश वाया न्हाई जायचा." काळी पडलेली आमची तोंडं इतक्या लवकर कशी उजळली, हे तिला कोणी विचारलं नाही. दाजींना तो फ्लॅश पुढच्या सगळ्या लग्नकार्यांत बोलायला पुरला. मांडवात बसले की तोच विषय. आत्यानं आपला फोटो दोन्ही हातांत धरून खूप वेळ पाहिला. "ही मीच का गं?" म्हणाली. "बरी हाय की." मग कनवटीचा तो काळा फोटो काढून तिनं चुलीत घातला. अजून पुष्कळ वर्षं जगली ती. गेली तेव्हा हाच फोटो भिंतीवर लागला, आणि आज माझ्या जालन्याच्या घरात बसायच्या खोलीत आहे.

मागच्या दिवाळीला तन्वी कॅमेरा घेऊन आली, बरोबर दाजींनाही आणलं. अक्का आता नाही. दाजींनी ऐंशी ओलांडली आहे, कानांत यंत्र आहे, पण ते बहुधा ऐकण्यासाठी नसून इतरांनी मोठ्यानं बोलावं म्हणून लावलेलं असावं. तन्वीच्या फ्लॅशचा विषय निघताच ते म्हणाले, "इमलकडं माझा फ्लॅश हाय ना! तोच देऊन टाक पोरीला. आसला माल आता मिळत न्हाई."

मी कपाटातून दोन्ही काढले. तन्वीच्या कॅमेऱ्याच्या कड्यावरचे आकडे मी तिला वाचायला लावले आणि छोटा तिच्या हातात दिला. "याला डोळा नाही?" तिनं विचारलं. नाही, म्हणूनच घे, मी म्हटलं. तिनं नवे सेल घातले. तो बराच वेळ कण्हला आणि मग त्याचा लाल दिवा लागला. इकडे दाजींनी आपली वीट मांडीवर घेतली होती. नखानं झाकण उघडून ते आत पाहत होते.

"पाह्य, पाह्य," ते म्हणाले. "इतके वर्सं झाले, आत गंजाचा ठिपका न्हाई. सेल गळला न्हाई, काही न्हाई. ह्याला म्हनत्यात माल."

इतकी वर्षं मी अक्कासाठी गप्प होते. आता अक्का नव्हती.

"गळायला त्यात सेल होतेच कुठे, दाजी? दत्तूच्या लग्नात तो रिकामाच होता. मीच काढले होते."

दाजींनी यंत्र कानात नीट बसवलं. 

"मंग उजेड कुठून आल्ता?"

"आत्याच्या पदराखालून."

दाजी भिंतीवरच्या आत्याच्या फोटोकडे बघत राहिले. मी वाट पाहत होते. हा क्षण मी मनात कितीतरी वेळा घडवला होता. त्यात ते ओशाळायचे, मान खाली घालायचे. प्रत्यक्षात त्यांनी झाकण हळूच बंद केलं आणि फ्लॅश माझ्यापुढे ठेवला.

"पन तिला वायर धराया तिथं उभं मीच केलं व्हतं ना?" दाजी म्हणाले. "तुझी आई तं हाकलूनच देत व्हती."

मी फोटोकडे पाहिलं, पदर थोडा मागे घेतलेल्या आत्याकडे.

"बराबर हाय," मी म्हटलं.